त्यात फक्त अंडं माझं होतं

हिर्डोशी, रविवार

प्रिय शेफाली,

रोहिदासभावजी सकाळीच आलेत. दुपारच्या एसटीनं शिरवळला परततील, तेव्हा ही चिठ्ठी त्यांच्या पिशवीत घालीन. पाकीट चिकटवलंय, ते तूच फोड. फोनवर सांगता आलं असतं, पण तुझं "ताई, कशा आहात?" ऐकायचं म्हटलं की मी फोन खाली ठेवते. गेला आठवडाभर हेच चाललंय. दोनदा तुझा नंबर लावला आणि तू उचलायच्या आत बंद केला.

इकडे सगळे बरे आहेत. म्हैस व्याली, रेडी झाली. सासूबाईंचा गुडघा थंडीत फार दुखला, आता जरा ऊन पडायला लागलंय तर ओट्यावर बसतात. परवा तुझी आठवण काढत होत्या. "पोरगी कंपनीत दिसभर हुबी ऱ्हाते म्हनं, तिला म्हनावं पायाला त्याल लाव." तेलाची बाटली भावजींजवळ दिलीय. तुझे वडील आता शेतावर जायला लागले, हे भावजींकडून कळलं. ऐकून बरं वाटलं.

तुझा मेसेज मिळाला होता. तू तो व्हिडिओ पाहिलास हे मला त्यातूनच कळलं. धरणाच्या काठावरच्या फार्मवर मी क्रोसाँ चिरून त्यात अंडं भरतेय, पाहुणे खातायत, आणि फार्मवाल्या सोनिया मॅडम विचारतायत, कुठं शिकलात? मी पदर सावरून सांगतेय, "कुनी शिकवलं न्हाई, बघून बघून आलं." ह्यांनी तो व्हिडिओ भोरच्या स्टँडवर चहाच्या गाड्यावर दहा जणांना दाखवला. मला वाटलं, आता तुझा फोन येईल आणि तू मला बोलशील. आणि तू काय लिहिलंस? "ताई, किती छान जमलंय! फक्त लाटताना कडेनं बटर बाहेर दिसतंय. पीठ अजून पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवत जा, आणि लाटणं दाबू नका, सरकवा." मी तुला नुसतं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मग गोठ्यात जाऊन बसले.

लाटणं सरकवायचं, हे तूच मला शिकवलं होतंस. आषाढात, लावणी उरकल्यावर. तू पुण्यात बेकरीत कामाला होतीस, माझी जाऊ होऊन आलीस ती तो छोटा ओव्हन घेऊनच, तेव्हा अख्ख्या वाडीत हसू झालं होतं. मीही हसले होते. तू म्हणालीस, ताई, हिर्डोशीची हवा गार आहे, इथं बटर वितळत नाही, पुण्यापेक्षा इथंच चांगलं होईल. मैद्याच्या पोळीत बटरची चपटी वडी ठेवून घडी घालायची, गार करायची, लाटायची, पुन्हा घडी. तीनदा. मग त्रिकोण कापून गुंडाळायचे. पहिला घाणा जळला, दुसरा चपटा झाला, आणि तिसऱ्या वेळी ओव्हनच्या काचेतून क्रोसाँ फुगताना बघून आपण दोघी जमिनीवर बसून लहान पोरींसारख्या टाळ्या वाजवल्या. सासूबाई त्यांना शिंगं म्हणायच्या. "ती शिंगं झाली का गं?" म्हणत दारात यायच्या आणि तू त्यांना गरम गरम, मधे चिरून, चीज आणि कोथिंबीर-मिरचीचं अंडं घालून द्यायचीस. चौदा वर्षांत मी त्यांना ताटातलं असं बोटं चाटून खाताना पाहिलं नव्हतं. ते मला चांगलंही वाटलं आणि टोचलंही. तेव्हा नीट कळलं नाही, आता कळतंय.

गणपती झाल्यावर तू डबा भरून हनुमंतभाऊंच्या दुधाच्या गाडीवरून फार्मवर नमुना पाठवलास. झाकणावर तुझा नंबर लिहिलास. चारच दिवसांनी तुझ्या वडिलांना दवाखान्यात नेल्याचा निरोप आला आणि तू होतीस तशी माहेरी मार्गासनीला निघालीस. जाता जाता उंबऱ्यात थांबून म्हणालीस, "ताई, भाजलेले आठ फ्रीजच्या वरच्या कप्प्यात बर्फात ठेवलेत. फार्मवरनं कुणी आलंच तर दहा मिनिटं ओव्हनमध्ये गरम करून द्या. आपलं नशीब उघडंल." तू "आपलं" म्हणाली होतीस.

शेफाली, आता लिहिते ते आजवर कुणाला सांगितलं नाही. तू मला "कुणी आलं होतं का?" असं विचारलंस तेव्हा मी नाही म्हणाले. ते खोटं होतं. सोनिया मॅडम आल्या होत्या. तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमाराला. झाकणावरचा नंबर बटरनं पुसला गेला होता, म्हणून हनुमंतभाऊंना घर विचारून आल्या. ते म्हणाले होते, कंकांची सून करते. कंकांची सून तर मीही आहे.

मी तू सांगितलं तसं सगळं केलं. दोन गरम केले, अंडं फेटून तव्यावर टाकलं, मिरची-कोथिंबीर घातली, चीज ठेवलं, भरून ताटलीत दिलं. त्यांनी ओट्यावर बसून एक घास खाल्ला आणि डोळे मिटले. दुसरा खाल्ला. मग माझ्याकडं वर बघून म्हणाल्या, "हे तुम्ही केलंत?" मी हो म्हणाले.

तेवढंच. एक शब्द. मला वेळ नव्हता असं नाही, "माझ्या जावेनं केलंय" म्हणायला कितीसा वेळ लागतो? चौदा वर्षं ह्या घरात मी भाकरी थापतेय, भात रांधतेय, लग्नाकार्यात पन्नास माणसांचं जेवण एकटीनं उतरवलंय. ताटावर बसून कुणी कधी विचारलं नव्हतं, हे कुणी केलं म्हणून. पहिल्यांदा कुणीतरी विचारलं आणि ते तुझं होतं. पुढं कितीतरी दिवस मी मनाला सांगत राहिले, अंडं तर मी केलं होतं, म्हणजे तसं खोटं नाही. पण त्या अंड्याबद्दल त्या विचारत नव्हत्या, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. त्यांनी नंबर मागितला तेव्हा मी माझा दिला. दर शनिवारी-रविवारी पाहुण्यांच्या नाष्ट्याला द्याल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, भातकापणी होऊ द्या, मग बघू. तू घरात असताना कसं करणार होते? तेव्हाच, त्या ओट्यावरच, तू जावंस असं माझ्या मनात आलं होतं.

सासूबाई आत तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ऐकलं. त्या संध्याकाळी फक्त एवढंच म्हणाल्या, "तुज्या तोंडातनं ते निगालं कसं गं रत्ना?" पुन्हा विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचं शिंग खाल्लेलं नाही. मी ताटलीत देते, त्या म्हणतात, दात दुखतोय. मग भाकरी मोडून दुधात घालून खातात.

तू बारा दिवसांनी परत आलीस. फार्मचा फोन आला तर रेंज मिळावी म्हणून रोज संध्याकाळी देवळामागच्या टेकाडावर जाऊन उभी राहायचीस. खाली आलीस की मी चहा द्यायचे. एकदा म्हणालीस, "ताई, पाठवेपर्यंत गार झालं असेल. गार अंड्याला वास येतो ना, त्यांना आवडलं नसेल." आणि मी म्हणाले, असेल. माझा "हो" एकवेळ तोंडातून निसटला म्हणता येईल. हा "असेल" मात्र विचार करून म्हटलेला होता. दसरा झाला आणि तू भावजींबरोबर शिरवळला गेलीस, कंपनीत पॅकिंगला लागलीस. जाताना ओव्हन पुसून ठेवलास. तिथल्या खोलीत जागा नाही, ताई, तुम्हीच वापरा, तुमचा हात चांगला बसलाय, असं म्हणून मला मिठी मारलीस.

दिवाळी झाल्यावर मी फार्मचं काम सुरू केलं. दर शनिवारी-रविवारी पहाटे पाचला उठते, तू ओव्हनजवळ ठेवून गेलेल्या वहीतलं वाचून करते. पाहुणे वाखाणतात. प्रत्येक वेळी कुणी चांगलं म्हटलं की मान खाली घालून ताटल्या गोळा करायला लागते, तरी पुढच्या शनिवारी मी उठतेच. तुझा मेसेज आला नसता तर उठत राहिले असते, हेही खरं. तुझ्या मनात संशयसुद्धा आला नाही. तू माझ्या बटरची काळजी करत बसलीस.

काल नाष्टा पोचवला आणि सोनिया मॅडमना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही तिला कळूसुद्धा दिलं नाहीत?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, आता तुमच्याकडून काही नको, सोमवारी सकाळी मी तिच्याशी स्वतः बोलते. मी तुझा नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिला. घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे काल दुपारपासून माझ्याशी बोललेले नाहीत. भावजींना अजून माहीत नाही, त्यांना तू सांग, तुला वाटेल तसं. सोनिया मॅडमचा फोन तुला उद्या सकाळी येईल. दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी तुला हे माझ्याकडून कळावं, म्हणून आज घाईनं लिहिलं. हो म्हणायचं की नाही, इथं येऊन करायचं की दुसरीकडं, ते तुझं तू ठरव. तू आलीस आणि मी स्वयंपाकघरात नको असेन तर मी रानात जाईन. माफ कर असं लिहीत नाही, तेवढं तोंड मला नाही. मला काय बोलायचं ते बोल, नाहीतर जन्मभर बोलू नकोस. पण अनोळखी नंबर दिसला की तू कट करतेस, ती तुझी सवय आहे. उद्या करू नकोस. उचल.

लिहायची लाज वाटते, तरी तुझीच,
रत्नाताई