पडद्याच्या अलीकडून

रविवार, १० मार्च १९७४
आजपासून रोजनिशी. व्यासपीठावरून बोलता येणार नाहीत असे विचार मनात साठले आहेत. माझ्यासारख्या वक्त्याला ही अडचण नवी.
विचार एकच. जाईबाई. बालवाडीच्या शिक्षिका. दर बुधवारी वाचनालयात येतात. मी शाळेत मास्तर, शिवाय तिथला मानद चिटणीस. वर्षभरात त्यांनी चौतीस पुस्तकं नेली. माझं वय चौतीस. हा योगायोग नव्हे.
आई म्हणाली, जाईचा भाऊ नानासो तिला शिराळ्याचं स्थळ बघतोय, जत्रा झाली की होकार कळवणार, आन् तू बस भाषणं करत.
निश्चय: जत्रेच्या आत विचारायचं.

बुधवार, १३ मार्च
जाईबाई आल्या. विचारायला तोंड उघडलं आणि वाचनसंस्कृतीवर पंचवीस मिनिटं बोललो. अत्यंत प्रभावी. मूळ मुद्द्यावर येणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, सर, मुलांची खिचडी चुलीवर आहे.
पुस्तक न्यायचं विसरल्या. म्हणजे मन विचलित झालं आहे.

शुक्रवार, १५ मार्च
केरबा दोन महिन्यांच्या रजेवर आला. माझा बालमित्र, फौजेत हवालदार. लढाई लागली म्हणून लग्न राहिलं, ते राहिलंच. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, मग इचार की गड्या, त्यात काय हाय?
साधा माणूस. बाईमाणसाशी बोलताना स्वतःच्या बुटांकडे बघतो. त्याला प्रेमातलं काय कळणार?

मंगळवार, १९ मार्च
जत्रेआधीच सिनेमाचा तंबू लागला. हसतखेळत प्रेमाचं चित्र. जिकडेतिकडे त्या नटनटीच्या जोडीचीच चर्चा. अकरा वर्षं मी असल्या चित्रांविरुद्ध पलूसपासून पाचगणीपर्यंत बोलतो आहे. एकही पाहिलेलं नाही. विरोध शुद्ध राहावा म्हणून.
पण शत्रूचा अभ्यास हवा. उद्या जाणार.

बुधवार, २० मार्च
पाहिलं. टीकेसाठी.

गुरुवार, २१ मार्च
काही मुद्दे निसटले होते. पुन्हा पाहिलं.

शुक्रवार, २२ मार्च
पुन्हा. दाराशी तिकिटं फाडणारा ज्ञानू म्हणाला, मास्तर, आता तुमची जागा राखूनच ठेवतो.

रविवार, २४ मार्च, पाडवा
सिद्धांत तयार झाला. ही जोडी लोकांना का आवडते? एकटा असला की तो नट निव्वळ ठोकळा. ती आली की माणूस होतो. दोघं पहिल्या अर्ध्या तासात कडाकडा भांडतात. मग धडकतात. मग तो बागेच्या फाटकाशी छत्री घेऊन उभा राहतो आणि ती येते. शेवट तंबूतल्या पोरासोरांना ठाऊक असतो, तरी ती येताना सगळ्यांचा श्वास अडकतो. माझाही अडकला. तिन्ही वेळा.
म्हणजे क्रम असा: भांडण, धडक, फाटक. प्रेम हे शास्त्र आहे. एवढ्या ग्रंथांत हे मला कुणी सांगितलं नाही.

बुधवार, २७ मार्च
भांडण. जाईबाईंनी पुस्तक दोन दिवस उशिरा आणलं. मी गरजलो. त्यांनी तडकून उत्तर द्यायला हवं होतं. त्या म्हणाल्या, चुकलंच सर, आणि घरी जाऊन उरलेली दोन्ही पुस्तकं आणून टेबलावर ठेवली.
त्यांनी चित्र पाहिलं आहे की नाही?

गुरुवार, २८ मार्च
धडक. बालवाडीच्या कोपऱ्यावर सायकल घेऊन दबा धरला. पातळ दिसताच पेडल मारलं. पातळ महिला मंडळाच्या अध्यक्षा आक्काताईंचं निघालं. त्या म्हणाल्या, आवं मास्तर, डोळं हायती का गोट्या?
गुडघा फुटला. माझा. आक्काताईंना काही झालं नाही. उलट शनिवारी मंडळात भाषण द्यायची शिक्षा केली. शिक्षा!

शनिवार, ३० मार्च
मंडळात आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण. विषय: तंबूतील अन्याय. आमच्याकडे पडदा तंबूच्या मधोमध टांगतात. अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. मी कडाडलो: आम्हाला सुलटं आणि भगिनींना उलटं! आमचा डावा तो तुमचा उजवा! निम्म्या समाजानं चित्र उलट्या अंगानं का बघायचं?
टाळ्या. जाईबाईंनीही वाजवल्या! म्हणजे चित्र पाहिलं आहे. भाषणानंतर धीर करून विचारलं, त्या जोडीत तुम्हाला काय आवडतं? म्हणाल्या, तो ऐकतो, सर. ती बोलते तेव्हा तो मधे बोलत नाही.
अगदी बरोबर निरीक्षण. यावर मी त्यांना पाऊण तास समजावून सांगितलं.

बुधवार, ३ एप्रिल
जत्रा सुरू. पुस्तकात चिठ्ठी घालून दिली. नानासोच्या हाती पडली तरी कळू नये अशी: "शुक्रवारी पाच वाजता देवळाशी. चित्रात तो ज्या बाजूच्या फाटकाशी उभा होता, त्याच बाजूच्या दरवाजाशी."
चित्रातल्या बागेला डावं-उजवं अशी दोन फाटकं, आमच्या देवळालाही नदीच्या बाजूला तसेच दोन दरवाजे. मधे लांबलचक धर्मशाळा, त्यामुळे एकावरून दुसरा दिसत नाही. तो डाव्या फाटकाशी उभा होता. एव्हाना सहा वेळा पाहिलं आहे, चूक अशक्य.
केरबाला उजव्या दरवाजावर पहारा दिला. नानासो दिसला तर शीळ घालायची. बाकी काहीही होवो, जागा सोडायची नाही. हुकूम मिळाला की केरबा खूश असतो. छत्रीही त्याच्याकडेच दिली. हातात छत्री असली की मला हातवारे करता येत नाहीत.

शुक्रवार, ५ एप्रिल, सायंकाळ
चार वाजल्यापासून डाव्या दरवाजाशी. पाच. सव्वापाच. साडेपाच. एक म्हैस आली. पावणेसहा. कुणी नाही.
सहाला जत्रेच्या फडावर पैलवानांच्या बक्षीस समारंभाचा मी प्रमुख वक्ता. पावलं जड, पण वाणी पेटलेली. कुस्ती बाजूला ठेवली आणि वचनभंग हा विषय घेतला. दिलेल्या वेळी न येणाऱ्या, पुरुषाला म्हशीसमोर उभं करणाऱ्या, बालकांना संस्कार देण्याचा आव आणणाऱ्या काही व्यक्ती! नाव घेतलं नाही. मी सभ्य आहे. पन्नास मिनिटं. कर्णे देवळापर्यंत लावले होते.
लोक फार हसले. पैलवानसुद्धा. गावात बालवाडी एकच आहे, हे नंतर लक्षात आलं.

शनिवार, ६ एप्रिल
सकाळी केरबा छत्री परत द्यायला आला. म्हणाला, जाईबाई पाचला पाच कमी असतानाच आल्या हुत्या. उजव्या दरवाजावर. मी म्हटलं, तो डाव्या फाटकाशी होता! केरबा म्हणाला, बायकांच्या अंगानं उजव्या रं. तूच भाषणात सांगितलंस म्हनं.
मी बसलो.
मग मला बोलवायला का आला नाहीस, असं ओरडलो. तो बुटांकडे बघत म्हणाला, जागा सोडू नको, हुकूम तुझाच. त्या म्हणाल्या, सर येतीलच, थांबू. ऊन लय हुतं, म्हणून छत्री धरली. त्या बोलत हुत्या. म्या ऐकत हुतो. मग सहाला कर्ण्यातून तुझा आवाज आला. त्या म्हणाल्या, सापडले सर.
पन्नास मिनिटं दोघांनी तिथंच उभं राहून ऐकलं म्हणे. म्हशीला त्या हसल्या. बालवाडीला हसल्या नाहीत.
दुपारी वाचनालयात चिठ्ठी परत आली. पाठीमागे त्यांचं अक्षर: "तुम्हाला काय विचारायचं आहे, ते ऐकायचं ठरवून आले होते. आता नको. पुस्तक छान होतं."
निश्चय: उद्या बालवाडीत जाऊन माफी. फक्त दोन वाक्यं.

रविवार, ७ एप्रिल
आज बालवाडी बंद. त्यांच्या घरी गेलो. माफीचं प्रास्ताविक चालू असताना नानासोनं दार लावलं.

सोमवार, २२ एप्रिल
शिराळ्याचं स्थळ मोडलं! जाईबाईंनीच नको म्हटलं. मला आशा आहे. चित्रातही मध्यंतरानंतर दुरावा असतो. तंबू पुढच्या गावाला गेला, नाहीतर पुन्हा तपासून पाहिलं असतं.
केरबानं रजा वाढवून मागायला तार केली. कारण सांगत नाही. शेतीचं काम असणार.

मंगळवार, ३० एप्रिल
शेतीचं काम नव्हतं.
केरबा स्वतः सांगायला आला. नानासोकडे जाऊन एकच वाक्य बोलला म्हणे. मी विचारलं, कोणतं? म्हणाला, मला त्यास्नी इचारायचं हाय, इचारू का? मग जाईबाईंना विचारलं. त्या हो म्हणाल्या.
हे शास्त्रात कुठेच बसत नाही. ना भांडण, ना धडक.
अभिनंदनाचं भाषण सुचलं होतं. केलं नाही. आई म्हणाली, बरा हाईस का रं?

रविवार, १२ मे
लग्न. शुभेच्छापर भाषण करू का, असं विचारलं. आक्काताई म्हणाल्या, त्यापरीस अंतरपाट धरा मास्तर, दोन्ही हात गुतत्याल.
धरला. एक टोक माझ्याकडे, दुसरं नानासोकडे. पडद्याच्या अलीकडे केरबा, बुटांशिवाय, म्हणून पायांकडे बघत. पलीकडे जाईबाई. मी कडेला. दोन्ही बाजू एकदम प्रथमच दिसल्या. उलटं काहीच नव्हतं.
मंगलाष्टकं संपली. अक्षता पडल्या. वाजंत्री वाजू लागली. कुणीतरी माझा दंड धरला.
भटजी म्हणत होते, मास्तर, सोडा आता.