आत टेकू हाय

अवो, पोर्णिमाचे बाबा,

नाव घेऊन तुमाले कधी हाक मारली नाही, आता चिठ्ठीत तरी काऊन मारू? तुमाले जाऊन आठ महिने झाले. रडली लय, पन लिहिलं काई नाही. आज लिहून राह्यली, कारन या आठवड्यात तुमचा मानसं नदीपार नेनारा डोंगा फाडून पाह्यला.

दचकू नका, मोडीत नाही काढला. पैनगंगेच्या काठी पालथा पडून होता. सरळ करून आत पाय ठेवला तं फायबरचा तळ खाली दबे, गादीवानी. मले शक आला. तुमी जिते होते तवाबी मले शकच येत होता म्हना! आदिलाबादहून राजन्ना मिस्त्रीले बोलावलं. त्यानं ग्राइंडरनं तळ कापला, अन् आतून काळं पानी निंगालं. वास तं असा का नाकाले पदर लावा लागला. तळाले आतून धरून ठेवनाऱ्या लाकडी पट्ट्या हातात घेतल्या, तं भिजल्या भाकरीवानी कुस्करल्या.

राजन्ना म्हने, "अक्का, इदि टेकू कादु. टेकू नाही हे."

"टेकू नाही तं काय हाय मंग?" मी म्हटलं. "इतके दिवस तळ त्याच्यावरच तं टेकून होता!"

तो हासला. "अक्का, आमच्या तेलुगूत टेकू म्हंजे सागवान. हे पोनिकी हाय. निर्मलले खेळने करतेत ना, ते हलकं लाकूड. पान्यात कसं टिकीन?"

मी तिथंच रेतीत बसली. अवो, जो कोनी डोंग्यात बसतानी इचारे, 'मजबूत हाय ना?', त्याले तुमी छातीवर हात ठेवून सांगत होते, "आत टेकू हाय." मराठी मानसाले वाटे आधार लावला. तेलुगू मानसाले वाटे सागवान टाकलं. दोघंबी खुशीनं बसत. अन् तुमी खोटं बोललेच नाही! मले तेलुगू बाजारापुरती येते. पन तुमची तं शाळाच तेलुगूत झाली. तुमाले समजत नव्हतं का, का लय चांगलं समजत होतं?

मंग एक एक गोष्ट आठवाले लागली. मायं माहेर पलीकडच्या काठावर. आपल्या घाटावरून आईच्या चुलीचा धूर दिसे. तरी शेवटची तीन वर्षं तुमी मले डोंग्यात पाय ठेवू दिला नाही. पोर्णिमालेबी नाही. "आटोनं जा, पुलावरून फिरून जा," हाच हेका. अर्धा दिवस धक्के खात जावं लागे. भांडली का म्हनत, "डोंग्यात बायको बसली का गिऱ्हाईक पळते." असा कोनता नेम हाय हो?

खरं सांगू? मले वाटे, पलीकडं जिची चहाची टपरी हाय त्या गोदापायी हे चालून राह्यलं. तुमच्या सदऱ्याचा वास घेत होती मी, अद्रकीचा येते का म्हून. आला का दोन दिवस अबोला. तुमाले वाटे, ही उगाच फुगली.

राजन्नानं तळ खोलला त्याच्या दुसऱ्या दिवशी गेली मी गोदाकडं. आटोनंच, पुलावरून. सरळ इचारलं, "माये मालक तुह्याकडं काय करत बसत?"

"करते काय बाई!" गोदा म्हने. "चहा थंडा होऊन जाय अन् दादा डबड्यानं डोंग्यातलं पानी उपसत राहे. मंग अंगठ्यानं तळ दाबून दाबून पाहे. मी म्हनो, काऊन दादा, डॉक्टरावानी पोट तपासून राह्यले का डोंग्याचं?"

दादा म्हने ती तुमाले! मले इतकी लाज वाटली का खाली मान घातली. पन तेवढ्यात ती म्हने, "मायी मंगला त्याच डोंग्यातून रोज शाळेत जाय. भला मानूस होता."

पुढं ठेवलेला चहा तसाच सोडून मी उठली.

बाई नव्हती तं. बरं झालं म्हनू? तुमाले मालूम होतं लाकूड सडलं. म्हून बायको अन् लेक पुलावरून. अन् गोदाची मंगला? कडेवर लेकरं घेऊन येनाऱ्या कापूस वेचनीच्या बाया? ते मानसं नव्हते का हो? दरवर्षी म्हनत, "एवढी वेचनी होऊ दे, मंग खोलतो डोंगा." कोनी बुडलं नाही, हे त्यायचं नशीब. तुमची हुशारी नाही.

अन् तुमी मले वाचवलं, म्हून रडूबी येते. मंग त्या रडन्याचाच राग येते. काय करू, सांगा?

आता सागवानाच्या पट्ट्या बसवल्या. मीच उन्हात वाळवल्या, उलटून-पालटून. राजन्नानं त्यायले चारी अंगानं फायबरचं कापड अन् रेझिन लावलं. स्क्रूचं एक भोक मी मोकळं राहू दिलं नाही. पट्ट्यायची खालची बाजू पाहाले त्याच्या मागं मागं आरसा घेऊन फिरली. तो कटाळला बिचारा. "अक्का, भरोसा नाही का?" म्हने. नाही, म्हटलं. आता कोनावरच नाही.

उद्या डोंगा पान्यात उतरते. नदीकाठची लेक हाय मी, वल्हं मीच मारीन. पोर्णिमाले घेऊन पयले गोदाकडं जाईन. तिच्या तोंडावर सांगीन, "माया मालकाले मालूम होतं, अन् तरी त्यायनं तुया मंगलाले बसवलं." तिनं थापड मारली तं खाईन. त्याच्यानंतर मंगलाले माया डोंग्यात बसवाचं का नाही, ते तिनं ठरवावं. मी तिले एक शब्द आग्रह करनार नाही.

तुमाले भला मानूस म्हननारी तीच एक होती, अन् तिच्या तोंडचं ते मी काढून घेऊन राह्यली. तरी सांगीनच. हे वचन हाय.

तुमच्यावर रागावलेली, अन् तुमचीच,
सुमन