चाळीस वाटेकरी आणि कौसल्येचा वाटा

मी, द्वारकाबाई भ्र. भुजंगराव शेजूळ, वय पासष्टच्या पुढे, धंदा शेती, राहणार खारवाडी, तालुका व जिल्हा जालना, आज रोजी पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र करून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. मी बोलते तसे वकीलसाहेब लिहीत आहेत. "बाई, हे कायद्यात बसत नाही, गाळू का?" असे त्यांनी मघापासून दोनदा विचारले. काहीही गाळू नये.

कलम १. माझे पती वारले. मला मुलगा मच्छिंद्र, औरंगाबादला कारखान्यात नोकरीला. आणि मुलगी कौसल्या, नवऱ्याने टाकल्यापासून माझ्याजवळ. लोक म्हणतात, म्हातारीने पोरीला सांभाळले. खरे असे आहे की मळा पोरच सांभाळते आणि आता मलाही.

कलम २. 'वाटा' या शब्दाचा खुलासा. पूर्वी मी आठवडी बाजारात पोते अंथरून भाजीचे वाटे लावून बसायची. चार वांगी, मूठभर मिरच्या, मेथीची जुडी, झाला एक वाटा. जालन्याच्या एक शिक्षिका, पुष्पाबाई, नेहमीच्या गिऱ्हाईक. एकदा त्या म्हणाल्या, "बाजारात येणं होत नाही हो. दर आठवड्याला माझा एक वाटा घरीच पाठवा. मळ्यात जे असेल ते. पैसे महिन्याचे आगाऊ देते." त्यांचे बघून शेजारणींनी धरले. आता कडूबा जीपवाल्याच्या गाडीतून चाळीसेक घरी भरल्या दुरड्या जातात आणि रिकाम्या परत येतात. या घरांना आम्ही वाटेकरी म्हणतो. हे ऐकून वकीलसाहेबांनी पेनच खाली ठेवले. म्हणाले, "अडीच एकराला चाळीस वाटेकरी? बाई, तुमचा खटला नातवंडांनाही पुरेल." त्यांची समजूत घालता घालता चहा गार झाला.

कलम ३. साहेब हसले, पण याच शब्दाने माझ्या घरात काडी लावली. यंदाची भाऊबीज नेमकी दुरड्या भरायच्या दिवशी आली. कौसल्या अंगणात वाटे लावत होती. मच्छिंद्र साडी घेऊन आला. ओवाळून झाले, ती परत कामाला बसली, तेव्हा माझे चुलत दीर पुंजाराम यांच्यासमोर त्याने विचारले, "कौसे, तुला वाटा पाहिजे का न्हाई? सरळ सांग."

ती गवार निवडता निवडता म्हणाली, "मला काय करायचाय, दादा? मी हितंच खाऊन राह्यले ना. तूच घेऊन जाय."

ती भाजीचे बोलत होती, कारण दर खेपेला जाताना तो एक वाटा पिशवीत घालून नेतो. तो जमिनीचे बोलत होता. आमच्याकडे बहीण साडीचोळी घेते आणि इस्टेटीतला वाटा सोडते, अशी रीत आहे. मच्छिंद्रने ती रीत धरली, कौसल्येने भाऊबीज धरली. ती नवी साडी नेसून गल्लीभर दाखवून आली आणि तो पारावर सांगून आला की बहिणीने हक्क सोडला. पुढच्याच आठवड्यात प्लॉट पाडणाऱ्या माणसाला घेऊन बांधावर हजर. "ती तर न्हाई म्हणली. मंग आता कशाला थांबायचं, माय? जमीन माझ्या नावानं करून टाक."

मच्छिंद्रने फसवले असे मी म्हणत नाही. जे ऐकायचे होते तेच त्याच्या कानांनी ऐकले. मला त्याचा राग आला आहे आणि त्याच्यावर माझी मायाही आहे. दोन्ही लिहावे.

कलम ४. अडीच एकर विहिरीची जमीन माझ्या नावची आहे. माझ्या पाटल्या मोडून घेतली, म्हणून पतीने खरेदीखत माझ्याच नावाने केले. माणूस बोलायला तिखट होता, पण नियतीने सरळ. ही जमीन, विहीर, विजेची मोटार, फवारणीचा पंप, खुरपी, विळे आणि सगळ्या दुरड्या मी कौसल्येला देते. तिने ती कसावी, विकावी, पडीक ठेवावी, तिची मर्जी. दुसऱ्या कुणाचा तीवर हक्क नाही.

वाटेकऱ्यांबद्दल एवढेच सांगणे आहे. वर ताजे आणि तळाला किडके, असे करू नये. मेथी गेली तर गेली म्हणून सांगावे. ज्या घरात मयत झाली असेल तिथली दुरडी चुकवू नये. त्या घरात चूल पेटत नाही हे खरे, पण स्वयंपाक करून द्यायला शेजारीण येते आणि तिला भाजी लागते.

कलम ५. गावातले राहते घर, त्यातली पितळी भांडी आणि पतीचे मनगटी घड्याळ मच्छिंद्रला. कौसल्या हयात असेपर्यंत तिला त्या घरातून कोणी उठवू नये. मच्छिंद्रला दर आठवड्याला एक वाटा एसटीने पाठवत जावा. पोरगा शहरात राहून शिळी कोथिंबीर खातो, ते मला बघवत नाही. वर्गणी घ्यायची की नाही, ते बहिणीने ठरवावे.

कलम ६. शेजारचे तातेराव दर नांगरटीला आमचा बांध थोडा कोरतात आणि वर "रामराम वहिनी" म्हणतात. मी त्यांना माफ केले आहे. तरी माझ्यामागे सरकारी मोजणी करून घ्यावी. माफी वेगळी, मोजणी वेगळी.

कलम ७. माझ्या तेराव्याला भाजी मळ्यातलीच करावी. बाजारातून आणली तर मी उठून बसेन.

कलम ८. इथवर लिहून झाल्यावर वकीलसाहेबांनी विचारले, "मुलीला विचारलंत का? उद्या ती खरंच नको म्हणाली तर?" प्रश्न बराबर होता. म्हणून कागद तसाच ठेवून मी घरी गेले आणि आज परत आले.

कौसल्या मळ्यात मुळे उपटत होती. मी 'वाटा' हा शब्द तोंडात येऊ दिला नाही. विचारले, "कौसे, ही जमीन तुला पाहिजे का?"

तिने हातात धरलेला मुळा आधी उपटून घेतला. लहानपणी दुधावरची साय, मग शाळा, मग अंगावरचे दागिने, प्रत्येक वेळी ही पोर "मला नको, दादाला दे" म्हणत आली. आम्हीही तिला शहाणी म्हणत दादाला देत आलो. मला वाटले, आताही तेच म्हणेल.

तिने मुळ्याची माती झटकली. माझ्याकडे बघत म्हणाली, "पाहिजे, माय."

हा शब्द तिच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. वकीलसाहेब, तुमच्या कायद्याच्या भाषेत करू नका. ती म्हणाली तसाच लिहा: पाहिजे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या बोलण्याप्रमाणे आहे, म्हणून दोघांच्या समक्ष सही केली.

सही: द्वारकाबाई भ्र. भुजंगराव शेजूळ

साक्षीदार:
१. पुंजाराम शेजूळ, राहणार खारवाडी
२. पुष्पाबाई, निवृत्त शिक्षिका, राहणार जालना

ठिकाण: जालना
तारीख: २१ नोव्हेंबर २००३