सुलभानं माग रिकामा केला त्यानंतर

६ जानेवारी, सोमवार

संध्याकाळी सातला टीव्हीवर ‘उभा धागा’चा भाग ४३८ लागला. सुलभानं कात्री घेतली आणि मागावरचा ताणा, सगळे उभे धागे, आरपार कापला. ढोल, विजेचा कडकडाट, तोच शॉट तीनदा. मी लिहिलं होतं तसंच.

कात्री चालतानाच आत्या उठली. आतल्या खोलीत जाऊन रेशमाच्या कांड्या भरायला बसली. मी म्हटलं, भाग अजून संपला नाही. ती म्हणाली, "माहा झाला."

रोज भाग संपला की ती विचारते, "उद्या काय होते?" मी रोज सांगत नाही. करारात लिहिलं आहे की पुढची गोष्ट कुणालाही सांगायची नाही, आणि ‘कुणालाही’मध्ये आत्याही येते. दीड वर्ष हे रोज चाललं आहे. आज तिनं विचारलं नाही.

७ जानेवारी

मोहाडीत आमच्या गल्लीत सात वाजता दुसरीच मालिका. शीर्षकगीतावरून कळलं. नऊ घरं, आणि नऊही घरांतून तेच गाणं.

नळावर कमलकाकू भेटली. आत्याची जुनी मैत्रीण, मला कडेवर खेळवलेली. मालिकेच्या सुरुवातीला पडद्यावर माझं नाव आलं तेव्हा गल्लीत पेढे हिनंच वाटले होते. आज हंडा उचलता उचलता म्हणाली, "काहून बाई, तुमच्या मुंबईत माग असाच उतरवतात का?"

मुंबईत मी एकूण दोनदा गेले आहे. हे तिला माहीत आहे.

आमच्याकडे माग रिकामा करत नाहीत. साडी उतरवली तरी जुन्या ताण्याचं हातभर टोक मागाच्या फणीत राहू द्यायचं. नवा ताणा आला की त्या टोकांना एकेक धागा जोडून घ्यायचा. घरात माणूस गेलं तरी टोक काढत नाहीत. आत्याच्या मागावरचं टोक किती जुन्या ताण्यापासून चालत आलं आहे ते तिलाही सांगता येणार नाही. हे सगळं मला अक्षरं यायच्या आधीपासून माहीत होतं. तरी मी लिहिलं.

९ जानेवारी

मधुराताईंचा फोन. वाहिनीच्या बाजूनं आमची मालिका त्याच बघतात. त्या खूश. कात्रीच्या प्रसंगावर लोक बोलतायत म्हणाल्या. मी म्हटलं, रागानं बोलतायत. "राग चालतो गं. आता सुलभाला शहरात पाठवू." मी "हो ताई" म्हटलं.

"हो ताई" मी कधीपासून म्हणते आहे? सरांनी मालिका सोडली तेव्हापासून. तोवर कथा-पटकथा त्यांची, संवाद माझे. भाग ३०० नंतर सगळं माझ्याकडे आलं. हातून सुटेल अशी भीती वाटली की हो म्हणायचं.

यादी केली, खोटं न लिहिता:
– सुलभाचा दीर पुण्याला गेला तो परत आलाच नाही. मी विसरले.
– सुलभाच्या सासूबाईंचा आवाज गेला. पूर्वी त्या बोलायच्या तर वाटायचं, कोणीतरी खरी बाई बोलते आहे. आता नुसत्या टोमणे मारतात.
– भाग ४३१. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. त्यातला चहाचा प्रसंग भाग ११२ मधून जसाच्या तसा उचलला. नावं बदलली. त्या दिवशी ताप होता. पण ताप हे कारण झालं, क्षमा नव्हे.
– कात्री.

१४ जानेवारी, संक्रांत

हळदीकुंकवाला गल्लीतल्या सगळ्या आल्या. मालिकेचा म सुद्धा कुणी काढला नाही. माझ्या साडीचं कौतुक, माझ्या वजनाची काळजी, मावसभावाच्या लग्नाची चौकशी. इतकं गोड बोलल्या की मला स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यावं लागलं.

भांडल्या असत्या तर बरं.

१६ जानेवारी

सांगून टाकलं. दुपारी आमच्या ओसरीवर आत्या, कमलकाकू आणि कोपऱ्यावरची शेवंता रेशमाच्या लडी सोडवत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच म्हटलं की ४३१ मधला चहाचा प्रसंग जुनाच होता, मी चोरला, स्वतःचाच.

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. शेवंताला हसू आवरेना.

"आमाले तवाच समजलं वो. कपाचा कान बी तोच तुटका होता."

कमलकाकू म्हणाली, त्या दिवशी त्यांनी आपापसात ठरवलं होतं की पोट्टी थकली असेल, सोडून देऊ. दिराचंही त्यांनी परस्पर जमवून टाकलं आहे. तो पुण्याला नोकरीत कायम झाला, फोन करतो, आपल्याला दाखवत नाहीत इतकंच.

मला कुठे बघावं कळेना. माझी भोकं या बायका कित्येक महिने रफू करत होत्या.

"मग कात्री?" मी विचारलं.

कोणी हसलं नाही. आत्या लडीवरून नजर न काढता म्हणाली, "थकून चुकलीस ते आमचं आम्ही पाहून घेतलं. हे तुले माहीत होतं. माहीत असून लिवलंस."

पाटीवर ‘क’ उलटा काढला की असाच आवाज असायचा. लहानपणी पाय प्लास्टरमध्ये होता, पहिलीची शाळा मी आत्याच्या मागाशेजारी केली. एक हात धोट्यावर, डोळे माझ्या पाटीवर. चुकलं की सगळी पाटी पुसू द्यायची नाही. जिथे चुकलं तिथवर मागे जायचं आणि तिथून पुन्हा लिहायचं. विणताना ती तसंच करते. चूक दिसली की तिथपर्यंत उसवते.

मी तर पुढेच विणत सुटले आहे. सुलभाला शहरात पाठवायला निघाले आहे.

१७ जानेवारी

सकाळी आत्याला विचारलं, माग एकदा पूर्ण रिकामा झाला तर पुन्हा कसा भरतात? मला नीट लिहून घ्यायचं आहे.

"कागदावर नाही समजत ते."

मग उठून मागच्या खोलीचं दार उघडलं. मामंजींचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा, दुसरा माग. गेल्या पावसाळ्यात कौलं गळली आणि त्याचं टोक कुजलं, तेव्हापासून रिकामा आहे. त्या खोलीत ती जात नाही, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. कपाटातून गुंडाळलेला ताणा काढला. म्हणजे ताणा तयार होता.

"एकटीनं होत नाही हे. म्हणून राहिलं होतं. बस त्या बाजूले."

२० जानेवारी

चौथा दिवस. मागच्या बाजूला बसून मी एकेक धागा बोटावर वेगळा करून पुढे देते. समोर आत्या फणीच्या दोन दातांमधल्या घरातून आकडी घालून तो ओढून घेते. एक धागा, एक घर. हजारो. मध्ये फणी असल्यामुळे तोंड दिसत नाही, फक्त बोटं दिसतात. पहिल्या दिवशी आम्ही दोन वाक्यं बोललो असू.

पाठ मोडली आहे. आज दुपारी माझं लक्ष चुकलं, दोन धागे एकाच घरात गेले. आत्याला तासाभरानं दिसलं. तासाभराचं सगळं काढलं. मी म्हटलं, एवढ्यानं काय दिसणार आहे? ती म्हणाली, "साडीभर दिसते. नेसणारीले नाही दिसत, मले दिसते."

मग आपणहून बोलली. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं सहा महिने तिच्याशी बोलणं ठेवलं नव्हतं. पहिल्यांदा बोलली ती अशीच, पलीकडून धागा देताना. काय बोलली? "म्हणे, जेवलीस का."

इथे मी काम थांबवून लिहायला गेले नाही. फार इच्छा झाली होती.

२२ जानेवारी

माग भरला. आत्यानं फणीवरून हात फिरवला आणि चहा ठेवायला गेली.

मी पंख्याखाली बसून भाग लिहिला. सुलभा शहरात जात नाही. रिकाम्या मागासमोर बसते. सासूबाई येतात आणि पलीकडे बसतात. बावीस मिनिटं दोघी धागे भरतात. संवाद जवळजवळ नाहीतच. दीर पुण्याहून फोन करतो, कोणी उचलत नाही, हात मोकळे नाहीत. (हा शेवंतासाठी.) शेवटी सासूबाईंचं एकच वाक्य.

"जेवलीस का" आत्याला विचारून घेतलं. म्हणाली, घे, सासू काही मागायला येत नाही.

२४ जानेवारी

मधुराताई: "यात काहीच घडत नाही."

मी म्हटलं, घडतं. म्हणाल्या, निदान ढोल तरी. मी म्हटलं, नाही ताई.

हे मी म्हटलं? म्हटलं. फोन दोन्ही हातांनी धरला होता. पुढे म्हटलं, कात्री माझी चूक होती, मला हे ठाऊक असूनही मी लिहिलं. हा भाग नको असेल तर पुढचे दुसऱ्या कुणाकडून घ्या.

त्या म्हणाल्या, "बघते."

दोनदा मेल उघडून पाहिली, माफी लिहिली, पाठवली नाही.

२८ जानेवारी

चित्रीकरण होणार! दिग्दर्शक अडून बसले म्हणे. आणि सासूबाईंचं काम करणाऱ्या बाईंनी सेटवर सांगितलं की वर्षभरात पहिल्यांदा वाचताना त्यांना चष्मा पुसावा लागला.

दुपारी त्यांचा स्वतःचा व्हिडिओ कॉल आला. आकडी कशी धरायची विचारत होत्या. मी फोन आत्याच्या हातात दिला. आत्यानं आधी पदर सारखा केला, मग मागाशी बसली आणि वीस मिनिटं शिकवणी घेतली. पाटीवाल्या आवाजात.

"तुमी हात लय देखणा ठेवून राहिल्या. हात नका दाखवू. धागा दिसू द्या."

"हो आत्या," त्या म्हणाल्या. महाराष्ट्रभर जिला लोक घाबरतात ती बाई.

फोन ठेवल्यावर आत्या म्हणाली, "घरात दिसते तशी खडूस नाही ती." घरात म्हणजे मालिकेत.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज लागला.

मी घरात थांबू शकले नाही. पावणेसातला गल्लीत आले. आत्याला बघ म्हटलं नाही, कुणालाच म्हटलं नाही. कुणाला सांगून बघायला लावणं म्हणजे फसवणूक झाली असती.

सात वाजता कमलकाकूच्या घरातून आमचं शीर्षकगीत. मग शेवंताच्या. मग पुढच्या. मी बोटांवर मोजत होते. सात घरं.

दोन मिनिटांत सगळं शांत झालं. कुठूनच काही नाही. एकामागून एक सगळ्यांनी टीव्ही बंद केले, असं वाटलं. गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले. शांतता. सिमेंटच्या पायरीवर बसले आणि मनात मधुराताईंना राजीनाम्याची मेल लिहायला घेतली. पहिलं वाक्य जुळलंही होतं.

तेवढ्यात शेवंताच्या घरातून तिच्या सुनेचा आवाज आला. कुकर लावू का विचारत होती. शेवंता फिसकारली, "चूप बस. धागे भरून राहिल्या."

मी उठून खिडकीतून पाहिलं. टीव्ही चालू. शेवंता पुढे सरकून बसलेली, आणि तिची बोटं मांडीवर आपोआप चाललेली, धागा वेगळा करून द्यावा तशी. पुढच्या घरात पाहिलं. चालू. त्याच्या पुढच्या. चालू. आवाज नव्हता कारण मीच लिहिला नव्हता!

मी माझ्याच भागात शब्द नाहीत हे विसरून राजीनामा देत होते.

मग सातही घरांतून एकदम, एकाच क्षणाला, सासूबाई: "जेवलीस का."

अंगावर काटा आला. अजून आहे. मी गल्लीच्या मधोमध उभी होते आणि मला नाचावंसं वाटलं. नाचले नाही. दोन पावलं नाचले.

घरी आले तर आत्या टीव्हीसमोर. भाग संपला होता. डोळे ओले होते, मला दिसू नयेत म्हणून पुसायलाही ती विसरली होती. ताट वाढलं.

६ फेब्रुवारी

नळावर जत्रा. फणी दाखवली ती खरी होती, शेवंता म्हणाली, नकली असती तर तिनं टीव्ही फोडला असता. दीर फोन करतो हे तिनं आधीच सांगितलं होतं, हे तिनं चौघींना ऐकवलं. तुमसरहून मावशीचा फोन: तिकडेही पाहिलं. मधुराताईंचा निरोप: "अजून असं लिही." (कालपर्यंत काहीच घडत नव्हतं.)

कमलकाकू सगळ्यांच्या शेवटी आली. मी हंडा खाली ठेवून उभी राहिले.

"एका भागानं काय होते बाई," ती म्हणाली. "ताणा भरला, बरं केलं. आता विणते कशी ते पाहू. आठ दिवस पाहतो मी."

"पाहा काकू."

"आन त्या सासूनं एक धागा डाव्या हातानं देल्ला. मी पाह्यलं."

मीही पाहिलं होतं. कुणाला दिसणार नाही असं वाटलं होतं. किती बरं वाटलं की दिसलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

तयार भाग संपले, सोमवारचा अजून लिहिलेला नाही. मधुराताईंना दर आठवड्याला एक ‘शांत’ भाग हवा आहे. तेही चूक ठरेल असं वाटतं, दर आठवड्याला तेच केलं तर ती पुन्हा ४३१ ची चहाची कपबशी. तसं त्यांना कळवलं. उत्तर नाही.

कमलकाकूचे आठ दिवस चालू आहेत. काल सात वाजता तिच्या घरातून गाणं आलं. शेवटच्या दोन घरांतून अजून नाही.

आत्या मामंजींच्या मागावर बसली आहे. पहिली वीतभर पट्टी विणून झाली, काठ सरळ आहे. मी शेजारी वही घेऊन. बराच वेळ फक्त धोट्याचा आवाज. मग तो थांबला.

"सोमवारी काय होते?" आत्यानं विचारलं.

मी सांगितलं नाही. करार आहे. आणि आज पहिल्यांदाच खरंच मला माहीत नव्हतं.