अश्वजितच्या घामाचं कारण

बमरोली, सुरत

धम्मरत्नदादास सप्रेम जयभीम.

माझा अश्वजित अपेंडिक्सच्या ऑपरेशनच्या टेबलावरच गेला, तेव्हा सगळ्यांदेखत तू म्हणालास, "स्वस्तातल्या दवाखान्यात नेऊन पोराला मारलंस." तेव्हापासून आपण बोललो नाही.

पोस्टमॉर्टममध्ये त्याच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ निघाली होती. भूल दिल्यावर तिच्यामुळे रक्तदाब भडकला. अशा गाठींवर संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त तपासलं. परवा म्हणाल्या, "जनुकातला दोष तुमच्याकडून मुलाकडे गेला. तुमच्या भावंडांत, त्यांच्या मुलांतही असू शकतो. गाठ आधी कळली तर गोळ्या देऊन सुखरूप काढता येते." माझंही पोट तपासायचं आहे, ते नंतर बघू.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. अश्वजित कापडाच्या लूमवरच्या कामावरून घामाघूम होऊन यायचा. "आई, छाती धडधडते, डोकं फुटतंय," म्हणायचा. मी म्हणायचे, "कामाचा कंटाळा आलाय तुला." ती त्या गाठीचीच लक्षणं होती आणि त्याला मी खोटारडा ठरवलं, दादा.

तुझ्या संघमित्रेलाही तसाच घाम सुटतो, हे काल वहिनीकडून कळलं. सोमवारी तिचं टॉन्सिलचं ऑपरेशन आहे. "थांबवा," म्हटलं, तर वहिनी रडवेली झाली, "हे तुमचं नावसुद्धा काढू देत नाहीत." तुला फोन लावला, तू कट केलास.

पत्र पोचेपर्यंत सोमवार उलटेल, म्हणून हे टपालात टाकत नाही, हातानेच आणून देते. रिपोर्ट घेऊन आत्ताच बारडोलीच्या बसने तुझ्याकडे निघते. मला वाटेल ते बोल, पण पोरीला आधी तपासू दे.

तुझी बहीण,
विशाखा