घड्याळ चालू, भाव बंद

मोताळा, शनिवार, संध्याकाळ

गावातल्या सोयाबीन घेणाऱ्या शेठच्या दुकानाबाहेरच्या स्क्रीनसाठी सोयाबीनच्या भावाचं वेबपेज करतेय. त्यात दोन सेटइंटरव्हल आहेत, म्हणजे ठरावीक वेळाने तेच काम पुन्हा पुन्हा करणारे कोडचे तुकडे. एक दर सेकंदाला घड्याळ पुढे सरकवतं, दुसरं दर मिनिटाला नवा भाव आणतं. आज शेठ म्हणाले, "भावाचं बंद कराले एक बटन दे. घड्याळ मात्र चालू राहू दे."

काऊन, म्हणून विचारलं. "कधी नेट जाते न पोरी." पण नेट गेलं तर भाव आपोआपच थांबेल. मग बटण कशाला? आणि घड्याळ चालूच का हवं? मी उगाच शंका घेतेय का? पण बाजारात भाव चढला आणि यांनी बटण दाबलं, तर बाहेर उभ्या माणसाला काय कळणार?

घरी येऊन बटण करून पाहिलं. दाबलं. भाव तिथंच थांबला, सेकंद पळत राहिले.

बाबा चहा घेऊन मागे उभे होते. सोमवारी आमचंही सोयाबीन शेठकडेच न्यायचं आहे. स्क्रीनकडे पाहून म्हणाले, "ताजाच भाव हाय हा. घड्याळ चालू हाय न."