हेडगुरुजींच्या अस्वलाची खरी हकीकत

आदरणीय मेहुणे गाव्रिला यांस,

निकोआराचा सप्रेम नमस्कार.

आपला गुडघा आता कसा आहे? तुरीनमधल्या त्या उंच बांधकामांवर चढू नका, असं नास्ताका रोज सांगते (मला, तुम्हाला सांगून उपयोग नाही हे तुमच्या बहिणीला ठाऊक आहे). इकडे आम्ही खुशाल. गाय व्यायली, डुक्कर बरं भरलंय, आणि आपल्या स्मशानात संगमरवर शिरता शिरता राहिला. तो कुणामुळे राहिला हे तुम्ही माझ्याकडूनच ऐकावं, कारण बाकीचे तपशिलात चुका करतात.

आपले हेडगुरुजी तोआदेर गेले. ज्यांनी तरुणपणी एकट्यानं अस्वल मारलं, ज्याचं कातडं त्यांच्या भिंतीवर होतं, आणि अंधाराला भिणाऱ्या पोराला जे त्या कातड्यासमोर उभं करून छडी मारत, तेच. (मी चौथीपर्यंतच त्यांच्या हाताखाली होतो. पुढची अक्षरं मी स्मशानातल्या क्रॉसांवरून गिरवली, आणि ती त्यांच्यापेक्षा सुबक येतात.) गावचे क्रॉस मीच कोरतो, म्हणून रिवाजाप्रमाणे मी प्रेताजवळ जाऊन बसलो. आपल्याकडे क्रॉसवर चित्र आणि पद्य असतं, आणि त्यात मेलेला माणूस स्वतःच्या तोंडानं खरं बोलतो. तेव्हा ते खरं काय, हे कोरणाऱ्यानं आधी शोधायला नको का? लोक येऊन गुरुजींचं शौर्य सांगत होते आणि मी भिंतीवरचं कातडं पाहत होतो. गोळी छातीत लागली, असं गुरुजी जन्मभर सांगत आले. मी ते कातडं उलटसुलट करून पाहिलं. भोक नव्हतं.

"पालागुत्साकाकू," मी त्यांच्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "गोळी कुठून गेली?"

"इतकी वर्षं माझ्या घरी येऊन खाता-पिता, आणि आज विचारताय होय?" काकू म्हणाल्या, आणि डोक्याला बांधलेल्या रुमालाच्या टोकाला डोळे पुसत त्यांनी सगळं सांगितलं. ते मी लगेच कुणाला बोललो नाही. घरी येऊन क्रॉससाठी ओकची फळी काढली.

इतक्यात क्लुज शहरातून त्यांचा वकील मुलगा रेमूस आला, तो ट्रकमध्ये काळा संगमरवर घेऊनच. त्यावर कोरलेले गुरुजी, बंदूक आणि पायाशी मेलेलं अस्वल. मला म्हणाला, "निकोआरा, तुमचा मजकूर आधी दाखवा. पटला तर तुमचा क्रॉस, नाहीतर हा दगड." मी म्हटलं, "तुमच्या आजोबांच्या वेळी माझ्या गुरूनं तुमच्या वडलांना दाखवला नव्हता. घरच्यांना आधी दाखवायचं नसतं." तो म्हणाला, मानहानीचा दावा लावीन. मी म्हटलं, "लावा की. पण बोलणार तुमचे वडील आहेत, समन्स त्यांच्यावर काढा." मध्यस्थीला बोलावलेले पाद्रीबाबा छताकडे पाहू लागले. मेहुणे, तुम्ही जाणताच: एक दगड आत आला असता, तर दुसऱ्या वर्षी सगळ्या गावाला दगड हवा झाला असता. मग मी आणि माझ्या छिन्न्या, आम्ही कोंबड्यांची खुराडी करत बसलो असतो. शेवटी काकू म्हणाल्या, "चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला दोन्ही आणा. मी बघते."

त्या दिवशी सगळं गाव आलं. मी क्रॉसवरचं कापड ओढलं. निळ्या रंगावर (निळा मीच घोटतो, विकतचा मला चालत नाही) प्लमचं झाड, शेंड्यावर गुरुजी, खाली घोरणारं अस्वल, आणि लाल रुमाल बांधून शिडी घेऊन आलेल्या काकू. खाली मजकूर:

तोआदेर मी, हेडगुरुजी,
छाती माझी केवढी मोठी!
चोथा खाऊन अस्वल निजलं,
मी फांदीला मारली मिठी.
बायको आली, शिडी लावली,
धरून मजला घरी नेलं;
अस्वल उठलं दुसऱ्या दिवशी,
आपल्या वाटेनं निघून गेलं.

(दारू गाळून उरलेला प्लमचा चोथा गुरुजी घरामागे टाकत; तो खाऊन जनावर झिंगलं होतं. कातडं बाया मारे शहराच्या बाजारातून विकत आणलेलं.)

कुणी हसेना. रेमूसचा चेहरा त्याच्या दगडापेक्षा काळा. काकू जवळ गेल्या, चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं.

"हे चुकलंय," त्या म्हणाल्या. "हा लाल रुमाल मी ईस्टरलाच बांधायची. त्या दिवशी पिवळा होता. बाकी म्हातारा हुबेहूब आहे. असाच रडत होता."

मग जे गाव हसलं. पाद्रीबाबांना धूपदान खाली ठेवावं लागलं. रेमूससुद्धा हसला, मग रडला, म्हणाला, "आई, मी त्या कातड्यासमोर किती मार खाल्लाय." मी रंग सोबत नेलाच होता, रुमाल तिथल्या तिथे पिवळा केला. संगमरवर काकूंनी घरी नेला. हल्ली तो कोबीच्या पिंपावर दाब म्हणून आहे, बंदुकीची बाजू खाली. लोणचं उत्तम मुरतंय, मी खाऊन पाहिलं.

कळावे, लोभ आहेच, तो ईस्टरला प्रत्यक्ष दाखवावा.

आपला,
निकोआरा

ता. क. येताना तिकडची बारीक छिन्नी आणावी. नास्ताकानं मागितली आहे.

ता. क. दुसरा. ती मागते याचं कारण असं. त्या समारंभानंतर मी सहज म्हणालो, माझा क्रॉस मीच कोरून ठेवतो, माझ्याइतकं अचूक कोण लिहिणार? ती म्हणाली, "तुम्ही कशाला? मी आहे ना." तेव्हापासून गोठ्यात एक फळी गोणपाटाखाली झाकलेली आहे. मी हात लावला तर म्हणते, "घरच्यांना आधी दाखवायचं नसतं. आणि ज्याचा आहे त्याला तर मुळीच नाही." तुम्ही तिचे थोरले भाऊ, तुमच्यावर ती संशय घेणार नाही. तर ईस्टरला आलात की गोणपाट जरासं उचलून पाहावं. मजकूर वाचला नाही तरी चालेल. चित्रात बोकड आहे का, एवढंच कळवावं; कुठला बोकड ते विचारू नये.